आलेखवर्गाची खोली आणि चाळीसवरून उभा केलेला तक्ता

मी, खाली सही करणारी, पाणीपुरवठा विभागातून मुख्य आरेखक म्हणून निवृत्त झालेली, वय वर्षे बहात्तर, राहणार वरची वस्ती, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. माझ्यावर कोणाचा दबाव नाही आणि माझी बुद्धी ठिकाणावर आहे. परवा डॉक्टरांनी तपासले. त्यांनी मला वार, तारीख विचारली आणि शंभरातून सात वजा करत जायला सांगितले. ते करून झाल्यावर मी त्यांच्या भिंतीवरच्या उंची-वजनाच्या तक्त्यातली एक चूक दाखवली. त्यांनी दाखला लगेच दिला. तो सोबत जोडला आहे.

कलम १. यापूर्वी मी एक मृत्युपत्र केले होते. त्यात सगळे मुलाला दिले होते. ते मी स्वतः फाडले. त्याची प्रत कोणाकडे असल्यास ती रद्दी समजावी.

कलम २. राहते घर, म्हणजे दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागची गॅलरी, माझ्या एकुलत्या एक मुलाला मिळावे. त्याला कोणतीही अट नाही. तो नऊ वर्षांत या घरात तीनदा आला, तिन्ही वेळा उभ्या उभ्या. कारण कलम ५ मध्ये येईल. गॅलरीचे दार पावसाळ्यात फुगते, तेव्हा ते ओढू नये, वर उचलून मग ढकलावे. हे त्याच्या बायकोला माहीत आहे, त्याला नाही.

कलम ३. काचेचे कपाट धाकट्या जावेला द्यावे. ती तीस वर्षे त्याच्याकडे बघत आली आहे. मी इस्त्रीच्या दुकानामागे आलेखांचा वर्ग सुरू केला तेव्हा ती चार माणसांत म्हणाली होती, "साहेबांच्या शेजारी बसणारी बाई आता कोळशाच्या धुरात बसून पट्ट्या काढायला शिकवते. भिकेचे डोहाळे म्हणायचे, दुसरं काय." कपाट देताना हे वाक्य तिला वाचून दाखवू नये. पण मी ते विसरले नव्हते, एवढी नोंद असावी.

कलम ४. ड्रॉइंगचा मोठा बोर्ड, टी-स्क्वेअर आणि शाईच्या पेनांचा डबा सायकल दुरुस्तीवाल्याला द्यावा. त्याचा हात माझ्यापेक्षा स्थिर आहे. त्याने सहा महिने दुकानात आलेले प्रत्येक पंक्चर कोणत्या रस्त्यावर झाले ते नकाशावर ठिपक्यांनी मांडले. निम्म्याहून जास्त ठिपके एकाच वळणावर पडले. तिथल्या लेथच्या कारखान्यातून लोखंडाचा कीस रस्त्यावर झाडला जात होता. तो नकाशा घेऊन तो मालकाकडे गेला आणि झाडू आत वळला. सायकलवाल्याचा धंदा त्यानंतर घटला. मी विचारले तेव्हा तो म्हणाला, "घटला ना. त्याचाही आलेख काढलाय." पेनांची निबे वापर झाल्यावर धुवावीत. तो धूत नाही.

कलम ५. इस्त्रीच्या दुकानामागची खोली, जी मी नवऱ्याच्या मागे मिळालेल्या रकमेतून घेतली, ती शनिवारच्या आलेखवर्गाच्या नोंदणीकृत मंडळाला द्यावी. ही खोली कोणाला द्यावी यावर बराच खल झाला. तो समजण्यासाठी आधीची हकीकत लिहिणे भाग आहे.

वयाच्या बावन्नाव्या वर्षी मी विभागाच्या वार्षिक अहवालासाठी एक स्तंभालेख काढला. विषय होता खालच्या वस्तीला रोज मिळणारे पाणी. चार वर्षांचे आकडे होते एक्केचाळीस, बेचाळीस, चव्वेचाळीस आणि सेहेचाळीस मिनिटे. आम्हा वरच्या वस्तीला तेव्हा तीन तास पाणी होते. खरे प्रमाण धरून काढले तर चारही पट्ट्या जवळजवळ सारख्या दिसत होत्या. मोठ्या साहेबांनी कागद पाहिला आणि म्हणाले, "बाई, आकडे तेच राहू द्या. चित्र जरा बोलकं करा."

याचा अर्थ मला कळला. मी उभा अक्ष शून्याऐवजी चाळीसपासून सुरू केला. पहिली पट्टी बोटभर आणि शेवटची सहा बोटे उंच झाली. एकही आकडा खोटा नव्हता. त्या पानाच्या आधारावर खालच्या वस्तीची दुसरी जलवाहिनी अनावश्यक ठरली आणि पुढे ढकलली गेली. दोन महिन्यांनी मी मुख्य आरेखक झाले. या दोन गोष्टींचा संबंध आहे असे मी सिद्ध करू शकत नाही.

निवृत्तीनंतर वर्षभराने मी इस्त्रीचे कपडे आणायला खालच्या वस्तीत गेले. इस्त्रीवालीच्या दुकानात भिंतीवर पाच कॅलेंडरे एकावर एक टांगलेली होती. प्रत्येक तारखेच्या चौकोनात पेन्सिलीने आकडा लिहिला होता.

मी विचारले, "हे काय?"

"नळ किती मिनिटं चालला ते. रोज लिहिते."

"कोणाला दाखवलंस?"

"एकदा ऑफिसात नेलं होतं. म्हणाले, एवढे आकडे कोण वाचणार? घरी जा."

मी म्हटले, "आकडे वाचायचे नसतात. दिसले पाहिजेत. शनिवारी मोकळी आहेस?"

अशा रीतीने वर्ग सुरू झाला. पहिल्या शनिवारी ती, सायकलवाला आणि दवाखान्यातली नर्स, एवढेच होते. पहिला धडा मी एकच देत असे: पट्टी काढण्याआधी तळाशी शून्य लिहा. त्यावरून लोक मला शून्यबाई म्हणू लागले. चार वर्षांत वर्गात बावीस माणसे झाली. त्यांपैकी आठ जणांना सहीपलीकडे लिहिता येत नव्हते, पण तक्ता कुठे फसवतो आहे हे त्यांना लांबून दिसू लागले. माझ्या त्या स्तंभालेखाबद्दल मी चार वर्षांत एक शब्दही काढला नाही.

मग पाण्याच्या प्रश्नावर जाहीर सुनावणी लागली. वर्गाने वर्षभराचा आलेख केला, तीनशे पासष्ट पट्ट्यांचा, आलेख कागद जोडून साडेसहा हात लांब. इस्त्रीवालीने त्याच्या घड्या गार इस्त्रीने मोडल्या. सुनावणीला नवे साहेब होते. त्यांनी तो कागद निम्मा उलगडू दिला आणि जुना अहवाल काढून समोर धरला.

"तुमच्या तक्रारी जुन्या आहेत. अकरा वर्षांपूर्वीच सुधारणा झालेली आहे. चित्रच बघा ना."

इस्त्रीवाली पुढे गेली. अहवालाच्या पानावर तळाशी बोट ठेवून म्हणाली, "साहेब, इथे चाळीस का लिहिलंय? शून्य कुठे गेलं?"

ती लोकांकडे वळली. "हा तक्ता ज्यानं काढला त्याला शनिवारी आमच्या वर्गात पाठवा. फी घेणार नाही."

सभा हसली. मी तिसऱ्या रांगेत बसले होते. गप्प राहिले असते तर कोणालाही कळले नसते. अहवालात आरेखकाचे नाव छापत नाहीत. मी उठून म्हटले, "तो मी काढला आहे. आकडे बरोबर आहेत, चित्र खोटं आहे. मला माहीत होतं."

माझा मुलगा त्याच विभागात कनिष्ठ अभियंता होता आणि त्या दिवशी साहेबांच्या मागच्या खुर्चीवर बसला होता. महिन्याभरात त्याची बदली शेवटच्या पंपघरावर झाली. सामान बांधताना तो मला म्हणाला, "आई, तू निवृत्त झालीस. मी नाही झालो."

सुनावणीच्या दुसऱ्या दिवशी मी दुकानात गेले. इस्त्रीवालीने इस्त्री खाली ठेवली नाही.

"चार वर्षं शिकवलंत. तेव्हा सांगावंसं वाटलं नाही?"

"वाटलं."

"मग?"

"तू वर्गाला आली नसतीस."

"ते माझं मी ठरवलं असतं." तिने शर्टाची बाही उलटवली. "त्या अकरा वर्षांत माझी थोरली नळावर उभी होती, बाई. नऊ वर्षांची असल्यापासून. शाळेचं दप्तर धाकटीला दिलं मी तिचं."

त्यानंतर ती चौदा महिने वर्गाला आली नाही. बावीसपैकी पाच माणसे उरली. नर्स पहिल्या दिवशी म्हणाली, "मला तुमचा राग आलाय. पण तापाच्या रोग्यांचा आलेख अर्धा राहिलाय, तो पुरा करायचाय." पाच जणांना मी पूर्वीसारखेच शिकवले. खोली मोठी वाटत असे.

चौदा महिन्यांनी एका शनिवारी इस्त्रीवाली दारात उभी राहिली. जलवाहिनी मंजूर झाली होती, पण खोदकाम रखडले होते आणि ठेकेदार रोज काम चालू असल्याचे सांगत होता. ती म्हणाली, "किती हात खोदलं त्याचा आलेख काढायचाय. तुमच्यासाठी नाही आले."

मी म्हटले, "बस."

जलवाहिनी सुनावणीनंतर तीन वर्षांनी आली. ती केवळ आमच्या आलेखांमुळे आली असे लिहिणे पुन्हा चित्र बोलके करण्यासारखे होईल. त्या वर्षी निवडणूक होती आणि जुनी वाहिनी दोनदा फुटली होती. आलेखांचा वाटा किती हे मला मोजता आलेले नाही. नर्सच्या आलेखात मात्र वाहिनीनंतरच्या पहिल्या वर्षी तापाचे रोगी निम्म्यावर आले. तो आलेख शून्यापासून आहे.

गेली आठ वर्षे वर्ग इस्त्रीवाली चालवते. प्रत्येक नव्या तुकडीच्या पहिल्या शनिवारी ती माझा तो स्तंभालेख भिंतीला लावते आणि सांगते, "हा आपल्या बाईंनी काढलाय. यात काय चुकलंय ते शोधा." मी खोलीतच असते. पहिल्यांदा उठून जावेसे वाटले होते. बसून राहिले. आता लोक चूक किती वेळात शोधतात याकडे माझे लक्ष असते. पूर्वी अर्धा तास लागे, हल्ली दहा मिनिटे लागतात. तिच्या हाताखालून निघालेल्या माणसांनी आणखी चार ठिकाणी वर्ग काढले आहेत. तिथे शिकवणाऱ्यांना मी ओळखत नाही, आणि तेही मला ओळखत नाहीत.

खोली मी इस्त्रीवालीच्या नावे करणार होते. तिने मसुदा वाचून तो परत केला. म्हणाली, "माझ्या नावावर केलीत तर उद्या माझीच मुलं ती भाड्याने देतील. माणसाचा काय भरवसा? वर्गाच्या नावावर करा." म्हणून मंडळ नोंदवले. खोलीला माझे नाव देऊ नये. त्या स्तंभालेखाखाली मात्र ते ठळक अक्षरांत लिहावे.

कलम ६. मोठ्या साहेबांनी मला बढतीच्या दिवशी दिलेले चांदीच्या टोपणाचे पेन त्यांना, किंवा ते नसल्यास त्यांच्या मुलीला, परत करावे. ते उत्तम चालते. माझा त्यांच्यावर राग आहे असा समज आहे. तो होता. पण रेघ मी ओढली. माझा हात कोणी धरला नव्हता.

कलम ७. बँकेतली ठेव मी इस्त्रीवालीच्या थोरल्या मुलीला, तिच्या शिक्षणासाठी, देणार होते. तिला बोलावून विचारले. ती आता एकोणतीस वर्षांची आहे, तिला दोन मुले आहेत. ती म्हणाली, "आता कुठं शाळेत बसू, बाई? बाकात गुडघे मावायचे नाहीत माझे." ती हसत होती. मी रक्कम तशीच घे म्हटले, तर म्हणाली, "कशाबद्दल घेऊ? त्याचा भाव तुम्ही कसा लावलात?" मी भाव लावलेला नव्हता. तेव्हा ती ठेव वर्गाचे कागद, शाई आणि विजेसाठी वापरावी. हे कलम अपुरे आहे हे मला माहीत आहे. ते पुरे करण्याचा उपाय मला सापडला नाही.

कलम ८. माझ्यामागे सभा, भाषणे किंवा छायाचित्र नको. शनिवार असल्यास वर्ग बंद ठेवू नये.

कलम ९. या मृत्युपत्राची अंमलबजावणी नर्सने करावी. तिला कोणाची भीड नाही. मुलाने हरकत घेतल्यास त्याच्याशी भांडू नये. त्याला बसवावे, पाणी द्यावे आणि कलम ५ शेवटपर्यंत वाचू द्यावे. तो सावकाश वाचतो, पण पुरे वाचतो.

हे सर्व मी वर्गाच्या खोलीत, मागच्या बाकावर बसून, दोन्ही साक्षीदारांसमोर वाचून सही करत आहे. वर्ग चालू आहे. फळ्यापाशी एक बसवाहक आहे. त्याचा दुसराच शनिवार. कोणत्या थांब्यावर किती लोक चढतात ते तो काढतो आहे. आडव्या अक्षावर त्याने थांबे बस जाते त्या क्रमाने न लावता नावांच्या अक्षरांप्रमाणे लावले. मी ते सांगायला हात वर करणार होते, तेवढ्यात पुढच्या रांगेतल्या गवंड्याने त्याला थांबवले आणि खडू मागितला. दोघे आता पुसून पुन्हा काढत आहेत. मला कोणी काही विचारलेले नाही.

सही: (स्वाक्षरी) मुख्य आरेखक, निवृत्त

साक्षीदार १: (स्वाक्षरी) डॉक्टर. तक्ता दुरुस्त केला आहे.

साक्षीदार २: (अंगठा, डावा) गिरणीवाला, खालची वस्ती. समक्ष वाचून दाखवले, समजले.

स्थळ: इस्त्रीच्या दुकानामागची खोली
दिनांक: सातव्या महिन्याची बारा तारीख, शनिवार, दुपारी चार वाजून दहा मिनिटे