मधलं मशीन

अण्णा, सोमवारी मदरबोर्डांची ऑर्डर द्यायची आहे. तुम्ही कधी बनवू दिलं नाही ते मधलं मशीन बनवायचं की नाही, हे त्याआधी मला ठरवायचं होतं. तुमचा धाकटा म्हणतो, घरगुती कॉम्प्युटरची लहान आणि मोठं अशी दोनच मॉडेलं ठेवून आपलं वर्कशॉप फार दिवस चालायचं नाही. गिऱ्हाईक मधलं मागतं आणि नगरला जाऊन दुसऱ्याचं घेतं. धाकट्याचं चूक नाही.

तुमचं म्हणणं मला पाठ आहे. कोल्हारच्या घरी, साखर कारखान्याची काजळी उडायला लागली की तुम्ही जोडणी स्वयंपाकघरात आणायचात. आई खिडकीला ओला पंचा लावायची. ओट्यावर एका बाजूला पिठाची परात, दुसऱ्या बाजूला उघडं मशीन. एकदा राजूरहून एक गुरुजी आले होते. मधलं असतं तर तुम्हाला बरं पडलं असतं, असं मी त्यांना म्हणाले. ते गेल्यावर तुम्ही स्क्रू आवळत, वर न बघता बोललात, "बरं कुनाला पडलं आसतं? त्यास्नी का आपल्याला? लहान न्यावं, लागंल तसं वाढवावं." म्हणून लहान मशीनमध्ये तुम्ही मेमरीच्या जागा रिकाम्या ठेवायचात. कुणाचा निरोप आला की पिशवीत मेमरी घालून एसटीनं निघायचात, अगदी राजूरपर्यंत. ती बसवून, चहा घेऊन परत. त्या माणसाला नवं मशीन विकता आलं असतं, हे तुमच्या मनात कधी आलेलं मी पाहिलं नाही.

परवा पाथर्डीकडची एक बाई आली. ती आणि नवरा दरवर्षी ऊसतोडीला जातात. लेक आजीजवळ राहून कॉम्प्युटर शिकते. तिला मोठं झेपणार नव्हतं. मी लहान मशीन उघडून रिकाम्या जागा दाखवल्या, तुम्ही दाखवायचात तशाच. म्हटलं, पुढं यात भर घालता येते.

"पुढं मी फडात आसंन, ताई," ती म्हणाली. "भर घालाया कोन येनार? तुमी?"

धाकटा हसला. तीही हसली. मशीन न घेताच ती निघाली.

ती गेल्यावर मी ते उघडं मशीन बराच वेळ बंद केलं नाही. आपल्याकडे मधलं मशीन होतंच, अण्णा. ते पिशवी मांडीवर घेऊन एसटीत बसलेलं असायचं. मला तसं जाणं जमत नाही, आणि निरोप पाठवायला ती तेव्हा घरी नसेल.

धाकट्याला मी हो म्हटलं आहे. पहिलं मधलं मशीन त्या बाईच्या लेकीला जाईल, तिचं शिक्षण होईपर्यंत पुरेल असं.

हे पाठवायला पत्ता नाही, म्हणून एवढं लिहून टाकते. बोर्ड निवडताना मी मेमरीची एक जागा रिकामी राहील असाच निवडला. धाकट्याला अजून सांगितलेलं नाही.