रशीदभाई, मी हेल्पर नव्हते

प्रिय रशीदभाई,

आज इतकी चिडले आहे की तुमच्याशी भांडल्याशिवाय जेवण जाणार नाही. कबरीपाशी येऊन भांडले असते, पण कब्रस्तानात मला बाईमाणसाला कोण येऊ देणार? म्हणून कागद घेऊन बसले.

तुमच्या माघारी जिनिंगचा सीझन सुरू झाला. राळेगावच्या रस्त्यावर कापसाच्या गाड्यांची रांग लागली आहे. आज तुमच्या जागी नवा फिटर आला. मॅनेजरसाहेब त्याला शेड दाखवत माझ्यापाशी थांबले आणि म्हणाले, "ही वनिता. रशीदभाईची हेल्पर होती. तुमाले सामान काढून देत जाईल."

हेल्पर! हा शब्द त्यांना कोणी दिला, रशीदभाई? तुम्हीच ना?

मी मशीनवर कापूस टाकणारी बाई होते. एकदा तुम्ही दुरुस्तीला आलात, तेव्हा तुम्ही हात लावायच्या आधीच मी म्हटलं, "डाव्या बाजूनं कुरकूर करून राह्यलं." तुम्ही वळून पाहिलं. "तुले कसं समजलं?" मी म्हटलं, "दिवसभर त्याच्याजवळच तर उभी असते!" दुसऱ्या दिवशी तुम्ही मला बोलावलंत. "बांगड्या उतरव. पदर खोच. मशीनच्या पट्ट्याले बाई का माणूस समजत नाही."

किती शिकवलंत! चामड्याचा रोलर सुरीला जास्त दाबून बसवला तर चामडं तापतं, ढिला ठेवला तर सरकी रुईत जाते. मधलं अंतर हातानं कळलं पाहिजे. लांब स्क्रूड्रायव्हर बेअरिंगच्या घरावर टेकवायचा, मूठ कानाला लावायची. "आधी आयक, पान्हा मंग," असं म्हणायचात. शेवटच्या सीझनला तर खोकल्यानं तुम्हाला उभंही राहता येत नव्हतं. स्टुलावर बसून नुसतं पाहायचात, काम मी करायची.

तोंडाला कपडा बांधा म्हणून किती वेळा सांगितलं! रुईची धूळ छातीत भरत होती, आणि तुम्ही हसायचात. "कपडा बांधला तर पान कसं खाऊ?" काय बोलायचं अशा माणसाला?

आणि ऑफिसात तुम्ही काय सांगितलंत? "पोरगी हुशार आहे. चांगली हेल्पर आहे." मी विचारलं होतं, "काहून असं सांगता? सारं काम तर मी करून राह्यली." तुम्ही आवाज खाली आणलात. "मालकाले समजलं बाई मशीन खोलते, तर तुले उद्याच घरी बसवतील. दम धर. टाइम पाहून सांगतो."

टाइम आलाच नाही. दिवाळीआधी तुम्हीच गेलात.

मागच्या आठवड्यात रुई ओढणाऱ्या पंख्याचं बेअरिंग वाजू लागलं. मी मॅनेजरसाहेबांना सांगितलं, "मशीन बंद करा. बेअरिंग तापलं आहे, खाली रुई पडली आहे." ते म्हणाले, "गाड्या उभ्या आहेत बाहेर. संध्याकाळी पाहू."

"संध्याकाळपर्यंत नाही टिकत साहेब. आग लागंल."

"तू फिटर आहे काय?"

 सवयीनं तुमच्या स्टुलाकडे पाहिलं. रिकामं होतं. मग मी जाऊन मेन स्विच पाडला.

केवढे ओरडले! पण बेअरिंग खोललं तर आतली छर्रे धरणारी जाळी तुटलेली, ग्रीस जळून काळं झालेलं, बाजूची रुई करपलेली. सरकी झाडणारी सुमन शाफ्टखाली लाकडाचा टेकू धरून उभी राहिली आणि मी नवं बेअरिंग बसवलं. दुपारी मशीन चालू झालं. साहेबांनी करपलेली रुई हातात घेऊन पाहिली, टाकून दिली, आणि गाड्या मोजायला निघून गेले. 

आणि आज, "सामान काढून देत जाईल."

मी त्यांच्यामागं ऑफिसात गेले. आयुष्यात पहिल्यांदा. म्हटलं, "साहेब, मी हेल्पर नाही. फिटर आहे. पंख्याचं बेअरिंग कोणी बसवलं?"

ते म्हणाले, "रशीदभाई तर कधी बोलले नाहीत असं."

ऐकलंत ना, रशीदभाई? एवढा इमानदार माणूस, तुमचा शब्द सारी जिनिंग मानत होती. एकदा, फक्त एकदा बोलला असतात तर? मला वाचवायला गप्प राहिलात, हे मला कळतं. पण कळलं म्हणून राग जातो काय?

"पुढच्या सीझनले पाहू," म्हणाले साहेब. म्हणजे नाहीच. मी पान्हा ठेवला नाही, कामही सोडलं नाही. उद्याही जाईन, उद्याही हेच सांगेन.

निघताना सुमननं विचारलं, "ताई, मलेबी शिकवशील काय?" आता तुम्हाला वचन देते. तुम्ही शिकवलंत तसंच तिला सगळं शिकवीन. पण ज्या दिवशी ती पहिलं बेअरिंग बसवेल, त्याच दिवशी तिला ऑफिसात नेईन आणि साऱ्यांसमोर मोठ्यानं सांगेन, हे काम सुमननं केलं. टाइम पाहत बसणार नाही.

तुमच्यावर रागावलेली, तुमचीच,
वनिता
फिटर