सात कोटी वर्षांचा शंख

रविवार, ५ जानेवारी २०२५. सकाळी ६.१०

नवीन वही. कोणाला दाखवायची नाही, त्यामुळे खरं लिहायला हरकत नाही.

काल उम्म अल कुवैनला वसंतरावांकडे जेवण. त्यांचा तिथे मसाल्याचा कारखाना. वय अडुसष्ट, आवाज मोठा. आमच्या इराने तिच्या बारावीच्या बायोलॉजीतला उत्क्रांतीचा धडा काढला, तर म्हणाले, माझ्या गोड्या मसाल्यात सत्तावीस जिन्नस आहेत. ते आपोआप भाजून, आपोआप कुटून पाकिटात पडतात का? मग एवढी सृष्टी आपोआप कशी होईल? करणारा कोणीतरी हवाच.

मी लगेच उत्तर देणार होतो. तोंडात श्रीखंड-पुरी होती. गिळेपर्यंत विषय दुबईच्या घरभाड्यांवर गेला.

पण मी सोडलेलं नाही. शनिवारी ८ फेब्रुवारीला आमच्या घरी जाहीर वाद ठेवलाय. उत्क्रांती की निर्मिती. प्रत्येकी वीस मिनिटं, टाइमकीपर इरा. बायको, अनुराधा, म्हणाली, त्याच्या पुढच्याच आठवड्यात पोरीची बोर्डाची परीक्षा सुरू होतेय. मी म्हटलं, तिच्यासाठीच तर आहे.

खरंच तिच्यासाठी आहे. लहानपणी दिवसाला चाळीस प्रश्न विचारायची. उंटाला मदार का, चंद्र आपल्या गाडीबरोबर का पळतो. सगळ्यांची उत्तरं मी दिली. काही बरोबरसुद्धा असतील. गेली चार वर्षं एक प्रश्न नाही. फोनला विचारते. ऑगस्टमध्ये पुण्याला कॉलेजला जाईल. सात महिने उरले. मला तिच्या प्रश्नांची सवय आहे आणि ती सुटलेली नाही.

संकल्प: रोज चाळीस मिनिटं एका जागी बसून वाचन.

मंगळवार, ७ जानेवारी

उत्क्रांतीवरचं जाड पुस्तक आणलं. एकशे पंधरा दिरहम, म्हणजे सत्तावीसशे रुपये. नवव्या पानापर्यंत आलो. त्यातली पाच पानं आभार. मग एसी जास्त वाटला, उठलो. मग कमी वाटला. मग खाली जाऊन गाडी सरळ लावली आहे ना, ते बघून आलो. एकूण बैठक सहा मिनिटं.

बसून वाचणं माझ्या प्रकृतीला मानवत नाही. मी फील्डचा माणूस.

शनिवार, ११ जानेवारी. संध्याकाळी ७.००

पुरावा मिळाला!!

मसाले आणायला पुन्हा वसंतरावांकडे. मला बसवेना, म्हणून खाडीच्या कडेने फिरायला गेलो. शेजारी एका व्हिलाचं तोडकाम चाललेलं, धुळीने नुसता खोकला. तिथेच वाळूत तळहाताएवढा दगड. त्यात शंख. एक नाही, तीन! रुतलेले! जीवाश्म!

दुसरा कोणी असता तर ओलांडून गेला असता. पण जबल अलीत कृत्रिम दगडाच्या कारखान्यात मी चौदा वर्षं क्वालिटी कंट्रोल बघतोय. भिंतींना लावायच्या सिमेंटच्या पाट्या, दिसायला हुबेहूब दगड. गिऱ्हाईक फसतं. मी नाही. खरा दगड हातात आला की मला कळतं.

वय: अंदाजे पन्नास लाख वर्षं.

सोमवार, १३ जानेवारी. दुपारी २.१५, ऑफिस

दगड डब्याच्या पिशवीतून आणला. भिंगाखाली पाहिला. तिन्ही शंख बरोब्बर बावीस मिलिमीटर, तिन्हींचा टवका एकाच जागी उडालेला. निसर्गाची शिस्त बघून थक्क झालो. रंग आमच्या कॅटलॉगमधल्या 'डेझर्ट बेज'शी तंतोतंत जुळतो, म्हणजे आमचा रंग किती नैसर्गिक आहे! मागे बारीक चौकोनी जाळी, तिच्यावर काहीतरी राखाडी थापल्यासारखं. जाळी म्हणजे माशाचे खवले, उघड आहे. पुढून शंख, मागून मासा. उत्क्रांतीतल्या मधल्या कड्या कुठे आहेत, असं वसंतराव शनिवारी विचारत होते. एक माझ्या डब्याच्या पिशवीत आहे.

वजन फार कमी. एवढ्या वर्षांत झिजणारच.

वय: साडेतीन कोटी.

कामाकडे दुर्लक्ष नाही. चाळीस पाट्यांवर आणि त्यांच्या तपासणीच्या फॉर्मवर सह्याही केल्या. चार मिनिटांत.

रविवार, १९ जानेवारी

इराला दगड दाखवला. तिने एका कानातला इअरफोन काढला. व्हेअर डिड यू फाइंड इट, व्हिच लेयर? मी म्हटलं, वाळूत, वरच. मग म्हणाली की थर माहीत नसेल तर बाबा, दगडाला काही अर्थ नाही. एका दगडाने काही सिद्ध होत नसतं. खडकांचे थर, हाडं, डीएनए, सगळं वेगवेगळं तपासतात आणि ते जुळतंय का बघतात. आणि आधी आपणच चुकत नाही ना, हे शोधतात. एखाद्या जिऑलॉजिस्टला दाखव. इअरफोन परत कानात.

हे तिचे प्रश्न धरायचे का? विचारले खरे, पण उत्तराला थांबली नाही. धरत नाही.

तज्ज्ञाला दाखवणार नाही. श्रेय तो घेईल.

शुक्रवार, २४ जानेवारी

असा दगड टीपॉयवर नुसता ठेवणं बरं दिसत नाही. लाकडी स्टँड हवा. आमच्याकडे साचे बनवणारा मिथुन आहे, बंगालचा, दिघ्याजवळचा. अठरा वर्षं इथे आहे, हात फार चांगला. त्याला मापं दिली. दगड मुद्दाम दाखवला नाही. कारखान्यात बातमी फुटायला वेळ लागत नाही.

बुधवार, २९ जानेवारी

स्टँड आला. उंची कमी वाटली, परत पाठवला. पुस्तक: पान ११.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

स्टँड परत आला. आता उंची जास्त. तिसऱ्यांदा दिला, आणि वर मखमल लाव म्हटलं. मिथुन म्हणाला, ठीक है उपेंद्रसाब, शनिवारपर्यंत घरी आणून देतो, इन्शाल्ला.

वसंतरावांच्या मसाल्याला खणखणीत उत्तर आंघोळ करताना सुचलं. टॉवेल सापडेपर्यंत गेलं. भाषणाचं पहिलं वाक्य तयार आहे: मित्रहो. दोन दिवस हातात आहेत. पायाला स्वस्थता नाही, आज हॉलमध्येच सहा हजार पावलं झाली.

वय: सात कोटी. आता वाढवणार नाही.

शनिवार, ८ फेब्रुवारी. संध्याकाळी ५.३०

बावीस माणसं येणार. शेजाऱ्यांकडून खुर्च्या आणल्या. तीनदा मांडल्या. स्टँडचा पत्ता नाही. दगड उलट्या डब्यावर ठेवून वर रुमाल टाकलाय. अनुराधा म्हणते, आता तरी बस. उभ्यानेच लिहितोय.

आज इरा विचारेल.

शनिवार, ८ फेब्रुवारी. रात्री ८.४५

क्रमाने लिहितो.

वसंतरावांनी सत्तावीस जिन्नस सांगितले. टाळ्या. मग मी उठलो, मित्रहो म्हटलं आणि पुढचं न आठवल्यामुळे सरळ रुमाल ओढला. सात कोटी वर्षं, म्हटलं. इरा मोबाइलचं घड्याळ बाजूला ठेवून पुढे आली. दगडाकडे नाही, माझ्याकडे बघत होती. उंटाच्या मदारीच्या वेळी बघायची तशी.

तेवढ्यात बेल वाजली. मिथुन. हातात स्टँड, वर हिरवी मखमल.

त्याने डब्यावरचा दगड पाहिला आणि तोंडभर हसला. अरे साब, ये तो अपना माल है.

मी त्याला हिंदीत समजावलं की हा समुद्रातून आलाय. तो म्हणाला, नहीं साब, आणि दगड उलटा करून खिशातल्या किल्लीने मागचा राखाडी थर खरवडला. तो भिंतीला चिकटवायचा मसाला निघाला. खाली बॅच नंबर. मार्च २०२३. त्याच्याखाली गोल शिक्का, क्वालिटी पास. शिक्क्यात सही. उपेंद्रमधला 'उ', लांब शेपटीसकट. असा 'उ' आमच्या कारखान्यात एकच माणूस काढतो.

खवले म्हणजे सिमेंटमधली फायबरची जाळी. शंख एकच होता. मिथुनने दिघ्याच्या किनाऱ्यावरून आणलेला, साच्यात तीनदा दाबलेला. टवका त्याच्या मुलीच्या हातून पडून उडाला. तो सगळं आनंदाने सांगत होता. म्हणाला, अठरा वर्षांत पहिल्यांदा कोणा साहेबाने माझं काम घरात मांडलं. आणि त्याने दगड स्वतःच्या हाताने मखमलीवर ठेवला. उंची बरोबर होती.

वसंतराव उठले. मिथुनचा हात धरून वर केला आणि सभेला म्हणाले, घ्या, करणारा हजर आहे! बावीस माणसं हसली. अनुराधा धरून तेवीस.

तेव्हा इरा म्हणाली, पण अंकल, शंख मिथुनअंकलने नाही बनवला. ही ओन्ली कॉपीड इट. हा दगड माणसाने केलाय हे कळलं, कारण बॅच नंबर आहे आणि करणारा स्वतः सांगतोय. दिघ्याच्या शंखामागे कुठला बॅच नंबर आहे?

वसंतराव चिवडा खाऊ लागले. मी हेच म्हणणार होतो.

मग तिने मिथुनला खुर्ची दिली, चहा दिला आणि विचारत बसली. रबराचा साचा कसा करतात, बुडबुडे कसे घालवतात, मुलगी कितवीत आहे. मी मोजले. चौदा प्रश्न.

रविवार, ९ फेब्रुवारी. सकाळी ११.००

सकाळी इरा दगड घेऊन माझ्याशेजारी बसली. दोन्ही कान मोकळे. म्हणाली, बाबा, क्वालिटी कंट्रोलमध्ये तू नक्की काय चेक करतोस?

चार वर्षांनी प्रश्न. मी सरसावून बसलो. चौदा वर्षांच्या अनुभवावर बोलायला सुरुवात केली आणि फॉर्म डोळ्यांसमोर आला. रंग, माप, वजन, तडा. तेवढंच सांगितलं.

तिने विचारलं, मग हा तुला ओळखता कसा आला नाही?

माहीत नाही, म्हटलं. हे उत्तर मी तिला याआधी कधी दिलं नव्हतं. उंटाच्या वेळीही नाही.

ती सहीवर बोट फिरवत होती. ही करताना तरी पाहिला होतास ना?

म्हटलं, सह्या मी सोमवारी सगळ्या एकदम करतो.

इरा हसायला लागली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. अनुराधाला हाका मारून परत सांगायला लावलं, परत हसली. फार दिवसांनी माझ्याजवळ एवढा वेळ बसली. एकवीस मिनिटं. मीही उठलो नाही.

मग अभ्यासाला गेली. स्टँड तिने पेनं ठेवायला मागून नेला. दगड बाल्कनीच्या दाराला लावून पाहिला. फार हलका आहे, दार थांबत नाही.