त्रेचाळीस मायक्रोसेकंद

देहूरोड, ४ फेब्रुवारी १९५७

मी यशवंत नरहर खासगीवाले, बी.कॉम., वय चौपन्न, येथील लष्करी कचेरीच्या जमीन विभागाचा मुख्य कारकून. फाईलीत जे लिहिता येत नाही ते येथे लिहावे, एवढाच हेतू.

विमानतळाच्या रडारवर पश्चिमेस एक ठिपका हलत नाही. विमान त्या जागी आले की त्यात मिसळून दिसेनासे होते. ती वस्तू शोधून हटवावयाची, असा आमच्या विभागास हुकूम. नोंदीत दिशा आहे. मैलांची पट्टी बिघडल्यामुळे अंतराऐवजी वेळ दिली आहे — त्रेचाळीस मायक्रोसेकंद, म्हणजे सेकंदाच्या दहा लाख भागांपैकी त्रेचाळीस.

रडारचे यंत्रज्ञ हिंदुराव म्हणाले, "भाऊसाहेब, डोंगरात आरोळी मारतो ना, तसंच. रेडिओची लाट सोडायची, आदळून आली की वेळ बघायची. वेग सेकंदाला एक लाख शहाऐंशी हजार मैल. पुढचं गणित बी.कॉम.वाल्याला काय सांगायचं?"

गुणाकार दोनदा पडताळला. आठ मैल. त्या रेषेवर रहाटणी गाव.

६ फेब्रुवारी

रहाटणीस बरोबर त्या जागी आबाजी नावाच्या शेतकऱ्याच्या शेतात पत्र्याची नवी खोली. तीत त्यांची विधवा बहीण गोजाबाई राहते.

"आमच्या पत्र्याला इमान अडखळतंय व्हय?" ती हसली. नोटीस वाचून दाखविल्यावर हसू गेले. "इमानाचं निमित्त हाय. भावजयीला मी नको, म्हून दादानं सायब आणला."

"गोजे, मला ठावं न्हाई गं," आबाजी म्हणत राहिले. तिने पाठ फिरविली.

१८ फेब्रुवारी

खोली पाडली. गोजाबाई परक्याच्या ओसरीवर राहते. भावाच्या घरात पाऊल टाकीत नाही.

१९ फेब्रुवारी

अंग जड. कचेरीत गेलो, इतकेच.

२१ फेब्रुवारी

ठिपका जेथल्या तेथे.

हिंदुरावांपुढे गणिताचा कागद ठेवला. त्यांनी आकड्यांवरून बोट फिरविले. "भाऊसाहेब, लाट जाते आणि परत येते. तुम्ही दोन्ही वाटा मोजल्यात. निम्मं करायचं राहिलं."

चार मैल. तेथे आमच्याच विभागाने बांधविलेली लोखंडी टाकी आहे. मी गुणाकार दोनदा पडताळला. काय मोजतो आहे, हे एकदाही नाही.

कचेरीचे साहेब म्हणाले, "खोली गेली ती गेली. टाकीचं बघू. लेखी काही देऊ नका. निवृत्तीला सात महिने राहिलेत तुमच्या."

२३ फेब्रुवारी

लेखी दिले.

नक्कल घेऊन रहाटणीस गेलो. गोजाबाईस वाचता येत नाही, म्हणून मोठ्याने वाचली: अंतर चुकले, गणित माझे, आबाजी यांनी खोली पाडण्याविषयी कधीही, कोणाकडेही मागणी केली नव्हती.

ती पदर सारखा करून उठली आणि भावाच्या घराची वाट धरली.

"चला, भाऊसाहेब. दादाम्होरं परत वाचा."

य. न. खासगीवाले
देहूरोड, २३ फेब्रुवारी १९५७