घर पलीकडे नेताना

३ फेब्रुवारी

आले एकदाची सासरी! होडीतून उतरताना बूट चिखलात रुतला, तर बाल्दो म्हणतो कसा, बेटानं सुनेचे पाय धरले बघ. लग्न झालं तरी याचा वात्रटपणा काही जात नाही. घर सगळं लाकडाचं, भिंतींवर माशाच्या खवल्यांसारख्या फळ्या. शनिवारी ते अख्खंच्या अख्खं खाडीपलीकडे जाणार! गावचे बैल किनाऱ्यापर्यंत ओढणार, मग भरतीवर तरंगत, होड्यांना बांधून. आमच्या कास्त्रो शहरात दोन खुर्च्या हलवायच्या म्हटल्या तरी बाबा आठवडाभर कुरकुरायचे.

सासूबाई दारापर्यंत आल्या, पण उंबऱ्याच्या आतच थांबल्या. गुडघे दुखत असतील. मला पोटाशी धरून म्हणाल्या, पोरी, आता हे घर तुझं, आजची चूल तूच पेटव. मी पेटवली तर त्या रडायलाच लागल्या. किती मायाळू बाई!

४ फेब्रुवारी

सकाळपासून बांधाबांध. कपबश्या लोकरीत गुंडाळल्या, बटाट्यांची पोती शिवली, वाळवलेल्या शिंपल्यांच्या माळा उतरवल्या. हाताला अजून वास येतोय.

सासूबाई आज अंगणात कोंबड्यांमागे पळत होत्या, हसत होत्या. घराखाली ओंडके बसवणाऱ्या आर्सेनियोकाकांच्या हातून हातोडाच पडला. म्हणाले, तुझ्या सासूला, ओतिलियाबाईंना, याआधी उंबऱ्याबाहेर पाहिलं ते थेट त्यांच्या लग्नात. मी म्हटलं, सून आली की सासवांचे गुडघे बरे होतात. काका हसले नाहीत.

५ फेब्रुवारी

आज काय झालं ते नीट लिहिते. कपबश्यांची पेटी उचलून बाहेर निघाले. उंबरा ओलांडला, आणि मी चुलीसमोर उभी. वाटलं, चक्कर आली. पण पेटी अंगणात पडलेली, हात रिकामे. पुन्हा निघाले. पुन्हा चूल.

बाल्दोला सांगितलं. तो म्हणाला, दमलीस, जरा पड. माझ्याकडे न बघताच म्हणाला.

६ फेब्रुवारी

मागच्या दारानं गेले. चूल. खिडकीतून उडी मारली. चूल. बाल्दोचा हात घट्ट धरून निघाले, तर तो अंगणात आणि मी आत. चुलीवर बादलीभर पाणी ओतलं. जळतेच आहे.

मग मात्र डोकं फिरलं. खिडकीतून ओरडून सासूबाईंना जाब विचारला. त्या अंगणातूनच बोलल्या, जवळ आल्या नाहीत. हे घर आहे तोवर त्याला चुलीपाशी एक बाई लागते म्हणे. त्यांच्या सासूनंही त्यांना असंच पोटाशी धरलं होतं, असंच चूल पेटव म्हणाली होती. मी म्हटलं, लाज नाही वाटली? वाटते, म्हणाल्या, पण मला एकदा बाजार बघायचा होता गं.

संध्याकाळी सगळं सामान होड्यांत गेलं. माझी ट्रंक तेवढी बाल्दोनं परत आत आणून ठेवली. म्हणाला, ती घराबरोबरच येऊ दे. त्याचा राग येतो, आणि तरी तोच हवासा वाटतो. पलीकडे निदान हा असेल. कोंडलेली तर कोंडलेली, याच्यासोबत तरी जगेन.

७ फेब्रुवारी, सकाळ

दारांना खिळे ठोकले. पाणी शिरू नये म्हणून म्हणे. घर हललं. बाहेर अकॉर्डियन, आरोळ्या, बैलांना शिव्या. मी काच बडवतेय, ओरडतेय— बाया हात हलवतायत. एक जण टाळ्या वाजवत होती. आर्सेनियोकाकांनी तेवढी मान खाली घातली.

दुपार

घर तरंगतंय. पलीकडचा किनारा दिसतो. तिथे एक घर आहे. नवं, कोरं, पत्र्याचं छप्पर, धुराड्यातून धूर. दारातल्या बाकावर सासूबाई बसल्यात. मी शिवलेली पोती भिंतीला लावून ठेवलीयत.

मग हे घर कुठे चाललंय?

—

घर थांबलं. खाडीच्या मधोमध. फळ्यांतून पाणी येतंय— घोट्यापर्यंत— ट्रंकेवर चढून लिहितेय—

बाकीच्या होड्यांनी दोर सोडले. एकटा बाल्दो राहिलाय. रडतोय. हातात सुरी आहे. मी हाका मारतेय, बाल्दो, अरे नेल्दा आहे मी, एकदा इकडे बघ, नुसतं बघ तरी—

बघितलं त्यानं. बघितलं, आणि दोरावर—