लास्टन चिसाले घरी जातात

३ जून

झाली एकदाची मीटिंग. नवे अधीक्षक डॉ. म्वाले फाइल उघडून बसले होते. लास्टन चिसाले, वय चोपन्न, पुरुष वॉर्ड दोन, चौदा वर्षं. मला म्हणाले, "मायी लुहांगा, चौदा वर्षं आत काढलेला माणूस बाहेर टिकत नाही."

म्हटलं, "आत चौदा वर्षं टिकला, तो बाहेर का नाही टिकणार?" सिस्टर एस्नाथनं खोकल्याचं निमित्त करून हसून घेतलं.

म्वाले हुशार आहेत. पण ते शाळेत पाढे म्हणत होते तेव्हापासून मी मनोरुग्णांच्या वॉर्डांतून फिरतेय. तेवीस वर्षं, दोन इस्पितळं. गोळ्या मी देत नाही. माणसासमोर बसते, विचारते आणि गप्प राहते. गप्प राहणं सगळ्यांत अवघड — आणि ते मला येतं! चिसालेंसमोर पहिली दोन वर्षं तेवढंच केलं.

चिसाले तयार आहेत. मला माहीत आहे.

५ जून

म्वालेंची अट: चिसालेंच्या हातात हत्यार देऊन दाखवा. रास्त आहे. होड्या बांधणारा माणूस. फळ्यांखाली माणसं कोंडलीत, ओरडतायत, असं ऐकू यायला लागलं आणि एका सकाळी सुताराच्या वाकसानं गावातल्या पाच होड्या फोडल्या. त्यातल्या तीन स्वतःच बांधलेल्या. कुणाला ओरखडा नाही उठला. पण तळ्याकाठच्या गावात होडी फोडायची म्हणजे! तेव्हापासून गावाचं एकच उत्तर — नको.

७ जून

सुतारकामाच्या शेडमध्ये वाकस दिला. दारात म्वाले, मागे दोन पहारेकरी. चिसालेंनी अंगठ्यावर धार पाहिली. "मायी, यानं मक्याची मऊ न्सिमासुद्धा कापली जाणार नाही." तासभर दगडावर पाजवला. मग वॉर्डातल्या लंगड्या बाकाला नवा पाय बसवला.

मी विचारलं, "आवाज?"

"येतात. सकाळी थोडे."

म्वालेंनी माझ्याकडे असं पाहिलं! मी चिसालेंनाच विचारलं, "मग काय करता?"

"सासूचं ऐकायचो तसं ऐकतो. हो म्हणायचं, आपलं काम करत राहायचं."

म्वाले हसले. मोठ्यानं! सही मिळाली. (हे मी शिकवलेलं नाही. सासू त्यांची स्वतःची.)

१० जून

चिसालेंच्या बहिणीला, एनिफाला, फोन केला. काय काय बोलायचं ते मी कागदावर लिहून बसले होते. दोन वाक्यंही झाली नाहीत. "आणा त्याला. याच आठवड्यात आणा." चौदा वर्षं नको म्हणणारी हीच बाई!

एस्नाथ म्हणाली, "तुझी जीभच तशी आहे बाई, गोड." मी काही नाकारलं नाही.

१३ जून

चिसालेंना नवी चप्पल हवी. जुनी म्हणे 'वॉर्डातली दिसते'. आणली.

१५ जून

इस्पितळाच्या गाडीतून सहा तास. लोक जमले, पण लांब. चिसाले गाडीतून उतरून नुसते उभे. मग एक म्हातारा पुढे आला — फोडलेल्या पाचांतली एक होडी याची. वरून खालपर्यंत पाहिलं. "जाड झालास."

"तिथे घेवडा रोज देतात."

झालं. बायका हसल्या, कुणीतरी बसायला चटई टाकली. मी मनात माझीच पाठ थोपटत होते.

मग एनिफानं आम्हा दोघांना मागच्या खोलीत नेलं. तिची मुलगी, आलिनाफे, एकोणीस वर्षांची, जमिनीवर. कमरेभोवती चितेंजे, नेसायचं तेच कापड, आणि त्याचं दुसरं टोक खांबाला बांधलेलं. तळ्यातून कुणी हाक मारतं म्हणून पाण्यात चालत जाते. दोनदा ओढून काढली.

मी जवळजवळ ओरडलेच, "इस्पितळात का नाही आणलंस?"

एनिफा माझ्याशी बोलत होती, पण पाहत होती भावाकडे. "पोरीला कुठं न्यायचं ते आमच्यात मामानं ठरवायचं असतं. थोरला दादा गेल्या साली गेला. आता हा एकच मामा उरला. आणि तो तुमच्याकडे."

गोड जीभ!

चिसाले पोरीसमोर मांडी घालून बसले. गप्प. किती वेळ! मी तोंड उघडणार तर त्यांनी हातानं थांबवलं. मला! मग तिला म्हणाले, "कुठल्या बाजूनं येतो? माझे डावीकडून यायचे."

तिनं मान वर केली. "माझा पाठीमागून."

गाठ त्यांनीच सोडली.

मी म्हटलं, आत्ताच गाडीत घालू, संध्याकाळपर्यंत वॉर्डात. "नको, मायी. मला असंच नेलं होतं. दोघांनी धरून. तिची ती चढेल." तळं पन्नास पावलांवर. माझं सगळं शिक्षण सांगत होतं — ने. तरी मी हो म्हटलं. जवळच्या आरोग्य केंद्रात फोन केला. तिथला माणूस उद्या गोळ्या घेऊन जाईल. पोरीशी अर्धा तास बोलले. येताना गाडीत मागची जागा रिकामी.

१७ जून

फोन नाही.

१९ जून

एनिफाचा फोन. पोरीनं गोळी घेतली — मामानं आधी आपली घेऊन दाखवली तेव्हा. ती पाण्याकडे निघाली की मामा अडवत नाही, हात धरून बरोबर जातो. गुडघाभर पाण्यात दोघं उभी राहतात, मग घरी येतात.

म्वालेंना सांगितलं. "आणि दोघंही पुढं गेली तर?"

"जाणार नाहीत," मी म्हटलं. ठणकावून म्हटलं. कपातला चहा तसाच राहिला.

२१ जून

तीन नवे दाखल. दिवस कसा गेला कळलं नाही. फोन दोनदा उचलून पाहिला, बंद तर नाही ना!

२४ जून

दहाची बस आली आणि फाटकावरचा पहारेकरी पळत आला. "मायी, चिसाले परत आले!" म्वाले खिडकीत उभे. मी धावलेच.

चिसाले इस्त्रीच्या सदऱ्यात. शेजारी आलिनाफे, स्वतःचं गाठोडं स्वतः धरून, स्वतःच्या पायांनी. एस्नाथनं सवयीनं चिसालेंची जाडजूड फाइल काढली. "ती नको, सिस्टर. नवी काढा." सोबतीला तेच राहणार, इस्पितळाच्या अंगणात नातेवाइकांसाठी बांधलेल्या छपरीत. पालकाच्या जागी सावकाश सही केली, पुढे नातं लिहिलं: मामा.

मग माझ्याकडे वळून विचारलं. चौदा वर्षांत त्यांच्यासाठी हे मला कुणीच विचारलं नव्हतं —

"हिला घरी कधी नेता येईल?"