थंड लोखंड

प्रिय वॉटी,

काल इश्बेलचा फोन आला होता. तुझी लेक रडत होती रे. "आत्या, बाबा ऑपरेशनला नाहीच म्हणतायत, आता तूच काहीतरी कर," म्हणाली. मी म्हटलं, तुझ्या बापाच्या हट्टापुढे आमच्या आईनं हात टेकले होते, तिथे माझी काय कथा! पण फोन ठेवला आणि अशी चिडले तुझ्यावर की चहाचं पाणी आटून गेलं तरी कळलं नाही. शुक्रवारपर्यंत होकार दिला नाहीस तर तारीख दुसऱ्या कुणाला जाणार. आणि झडप बदलली नाही तर तुझं हृदय येता हिवाळा काढणार नाही, असं त्या सर्जननं तुझ्या तोंडावर सांगितलंय. काय बरं त्याचं नाव, तो लाल दाढीवाला. त्यावर तू काय म्हणालास? "अकराव्या वर्षी ज्याला कमी मार्क पडले, त्यानं जास्तीची वर्षं मागू नयेत." वा रे वा! समोर असतास तर कान उपटला असता. ऐंशी वर्षांचा झालास म्हणून काय झालं!

हे खूळ तुझ्या डोक्यात कुठून शिरलं ते मला पक्कं ठाऊक आहे. चर्चच्या हॉलमधल्या त्या चहापानात. सत्तेचाळीस साली देशातल्या अकरा वर्षांच्या सगळ्या पोरांना एकाच सकाळी बसवून बुद्धीची परीक्षा घेतली होती, त्यातलं कोण कोण उरलंय ते शोधत विद्यापीठाची ती डॉक्टर मॉरॅग आपल्या बंदरात आली होती. गोड मुलगी, पण बोलून बसली की ज्यांना तेव्हा जास्त गुण होते ती माणसं एकंदरीत जास्त जगली. तू लगेच मोठ्यानं म्हणालास, "म्हणजे आम्ही मागच्या बाकावरचे फुकटचे जगतोय म्हणा की!" सगळे खो खो हसले. मी मात्र तुझ्याकडे बघत होते. तू मनातल्या मनात मागचा बाक आठवत होतास. डॉड, बर्टी, तो तोतरा इनिस. एकही उरलेला नाही. लोणी लावलेला स्कोन-पाव तू जन्मात कधी बशीत टाकला नाहीस, त्या दिवशी टाकलास.

अरे, मी उभा जन्म पोरांना गणित शिकवलं. माझं ऐक. सरासरी गर्दीची असते, एकट्या माणसाची नसते. आणि गर्दीतसुद्धा ती का तशी पडते, याचा जरा विचार कर. ज्यांना मार्क होते त्यांना अकॅडमीत, त्या मोठ्या शाळेत घातलं, मग टेबलखुर्चीची नोकरी, गरम खोली, वेळेवर डॉक्टर. ज्यांना नव्हते ते पंधराव्या वर्षी बोटीवर. डॉडला समुद्रानं नेलं. बर्टीला सिगरेटनं. त्यात अकराव्या वर्षीच्या पेपराचा किती वाटा आणि बाकीचा किती, हे मॉरॅगलाही नेमकं सांगता येत नाही. मी खोदून खोदून विचारलं तिला. म्हणाली, "आजी, आम्ही अजून शोधतोच आहोत." ते लोक अजून शोधतायत, आणि हे आमचे साहेब निकाल लावून मोकळे!

शिवाय तुझे ते मार्क! मी शेजारच्याच बाकावर होते ना. आठवतं तुला? बाहेर समुद्रावरून असं दाट धुकं आलेलं की खिडकीतून बंदराचा धक्का दिसेना, आणि बाबांची बोट बाहेर. आई सकाळपासून दारातच उभी होती. गिलख्रिस्ट मास्तर बिचारे आतल्या शेतीच्या गावचे, त्यांना कोळ्यांच्या घरातलं काय कळणार! पेपर वाटले, सगळे लिहायला लागले. तू माझ्या बाजूलाच होतास, मला दिसत होतं. मग तो प्रश्न आला. चार प्राणी दिलेले, त्यातला वेगळा कोणता. आणि चारांतला एक तो. चिखलात लोळणारा. त्याचं नाव मी इथेही लिहीत नाही, नाहीतर पत्र टाकून चुलीचा चिमटा धरायला धावशील. तुझी ओठ हलवत वाचायची सवय, नाव तोंडातून निघून गेलं. बाबा पाण्यावर असताना! आपल्या कोळ्यांत ते नाव घेतलं की बोट जाते, आणि लगेच थंड लोखंड धरलं तरच वाचते, हे मास्तरांना कुठे ठाऊक! तू जो पांढराफटक पडलास, पेन्सिल टाकलीस आणि बाकाचा लोखंडी पाय उजव्या हातानं गच्च धरलास, तो पेपर संपेपर्यंत सोडला नाहीस. डाव्या हातानं तुला लिहिता येत नव्हतं. मास्तर येऊन गुरगुरले, "लिही की, दगडा!" तू ढिम्म. मीही कोळ्याचीच पोर, पण मी ओठ मिटून वाचलं आणि पुढे गेले. आठवड्यानं मास्तरांनी आईला सांगितलं, हिला शिकवा, त्याला बोटीवर घाला. आई मान डोलावून घरी आली. आणि तू तोंडातून ब्र काढला नाहीस.

हे सगळं मी मॉरॅगला सांगितलं. आधी हसली, मग हातातली वही मिटली. म्हणाली, "मग त्या पेपरानं त्यांची बुद्धी मोजलीच नाही."

पण तुला हे माझ्याआधीपासून माहीत आहे, नाही का? तू स्वतःला मठ्ठ कधीच समजला नाहीस. माझ्या बीजगणिताच्या वहीत वरून नुसतं बघून चूक काढायचास, मेल्या! तुझ्या मनात वेगळंच आहे. त्या दिवशी शेजारची बोट धुक्यात गेली ती गेलीच, आणि बाबा संध्याकाळी परत आले. धक्क्यावर तू त्यांना सगळं सांगितलंस, तुझ्या तळहातावर अजून वळ होता. त्यांनी तुला उचलून घेतलं आणि म्हणाले, "मग तूच ओढून आणलंस रे मला." तेव्हापासून तुझ्या मनानं घेतलंय की तो सौदा होता. पेपर तू सोडून दिलास, बाबा तुला मिळाले. बाबा नव्वदी ओलांडून गेले. आणि आता ही डॉक्टरीण येऊन सांगते की मार्क म्हणजे वर्षं, तेव्हा तुला वाटलं, बरोबर, माझीच वर्षं त्यांना गेली, मग आता रड कशाला. बोल, खोटं आहे का? अरे वेड्या, बाबा परतले कारण त्यांना त्या खडकांचे आवाज ओळखता येत होते. तुझ्याकडून कुणी काही घेतलेलं नाही. तुझं तुझ्यापाशीच आहे.

काल इश्बेलचा फोन आला होता, सांगितलं का मी? रडत होती पोरगी.

आता वर बघितलं. सांगितलंय. पहिल्याच ओळीत. खोडत नाही, राहू दे तसंच, कारण मला हे असं व्हायला लागलंय ते सांगायलाच मी हे पत्र लिहायला घेतलं. मॉरॅगनं आम्हाला तोच जुना पेपर पुन्हा सोडवायला बोलावलं होतं ना, तेव्हा तू आला नाहीस. मी ऐटीत गेले. शाळेत पहिली आलेली मी! आणि चार प्राण्यांच्या त्या प्रश्नावर थांबले. प्रश्न वाचून खाली प्राण्यांकडे यायची, तोवर काय विचारलंय ते डोक्यातून गेलेलं असायचं. तिनं दुसऱ्या डॉक्टरांकडे पाठवलं, त्यांनी डोक्याचे फोटो काढले. विसरण्याचा आजार आहे, वॉटी, आणि तो पुढेच जाणार. इश्बेलला सांगितलेलं नाही. शरीर ठणठणीत आहे म्हणतात, पुष्कळ जगेन. हुशार ना मी! मला भीती वाटते रे. आईचा आवाज, धक्क्यावरचे बाबा, हे माझ्यातून गेल्यावर दुसऱ्या कुणाकडे आहे? फक्त तुझ्याकडे. एखाद्या दिवशी मी तुलाच विचारेन तुम्ही कोण, तेव्हा न रागावता सांगणारा माणूस मला हवाय. म्हणून शुक्रवारी हो म्हण. बाबांसाठी नाही, मार्कांसाठी नाही, माझ्यासाठी म्हण. ऑपरेशनच्या दिवशी मी येईन आणि तू परत येईपर्यंत तुझ्या रिकाम्या पलंगाचा लोखंडी दांडा धरून बसेन, नर्सला काय म्हणायचं ते म्हणू दे. शुद्धीवर आल्यावर जर मी तुला विचारलं, हे मी कशाला धरून बसलेय, तर सांग मला. सगळं सांग, पहिल्यापासून.

तुझीच, तुझ्याआधी काही मिनिटं घाईनं जन्मलेली,
एल्स्पेथ